मुक्त विद्यापीठाचे प्रशासन : प्रा. जी. राम रेड्डी यांच्या कार्याचा अर्थ

(दूरशिक्षण क्षेत्रातील केंद्र संयोजक व समुपदेशकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



निरंतर शिक्षणाविषयी आपल्याकडे बोलले जाते ते बहुधा ध्येयवादाच्या भाषेत. ज्ञानाची गंगा घरोघरी पोहोचावी, वंचितांना दुसरी संधी मिळावी, शिक्षण आयुष्यभर चालावे, या सर्व गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या वारंवार सांगितल्याही पाहिजेत. परंतु अभ्यासकेंद्रात रविवारी सकाळी येऊन बसणाऱ्या विद्यार्थ्याचा प्रश्न निराळा असतो. पुस्तके आली का, मागच्या सत्राचा स्वाध्याय तपासून झाला का, परीक्षेची तारीख ठरली का, हे त्याला हवे असते. या प्रश्नांची उत्तरे ध्येयवादातून मिळत नाहीत. ती प्रशासनातून मिळतात. म्हणून आज मी एका अशा शिक्षणतज्ज्ञाच्या कार्याविषयी बोलणार आहे, ज्यांनी विद्यापीठाचे प्रशासन हाच शैक्षणिक विचाराचा विषय मानला. ते म्हणजे प्रा. जी. राम रेड्डी. उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू, देशातील पहिल्या मुक्त विद्यापीठाचे संस्थापक कुलगुरू, इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे संस्थापक कुलगुरू आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष, अशी चार पदे त्यांनी भूषविली. पदांची ही यादी मोठी आहे. पण त्यामागील विचाराची सुसंगती मला अधिक महत्त्वाची वाटते.

पत्रद्वारा शिक्षणाची मर्यादा

आपल्या देशात विद्यापीठीय पातळीवर पत्रद्वारा शिक्षणाची सुरुवात १९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठाने केली. १९६४ ते १९६६ या काळात काम करणाऱ्या कोठारी आयोगानेही अर्धवेळ आणि पत्रद्वारा शिक्षणाच्या विस्ताराचा पुरस्कार केला. पुढील दीड दशकात अनेक विद्यापीठांनी पत्रद्वारा अभ्यासक्रमांचे विभाग उघडले. नोकरदार, गृहिणी, सैनिक, खेड्यातील शिक्षक अशा हजारो लोकांना त्यामुळे पदवी घेता आली, हे श्रेय या विभागांना दिलेच पाहिजे.

मात्र या व्यवस्थेला दोन मोठ्या मर्यादा होत्या. पहिली म्हणजे, प्रवेशाचे दार तेवढेच अरुंद राहिले. ज्याने शालान्त किंवा उच्च माध्यमिक परीक्षा उत्तीर्ण केलेली नाही, त्याला पत्रद्वारा अभ्यासक्रमालाही प्रवेश नव्हता. दुसरी म्हणजे, हा विभाग विद्यापीठाच्या परिवारात दुय्यम ठरला. वर्गातील व्याख्यानांच्या टिपणांच्या चक्रमुद्रित प्रती टपालाने पाठवायच्या, वर्षाअखेरीस परीक्षा घ्यायची आणि जमा झालेल्या शुल्कातून मूळ विद्यापीठाची तूट भरून काढायची, असे अनेक ठिकाणी घडले. विद्यार्थी कमाईचे साधन झाला आणि त्याच्यावर होणारा खर्च मात्र कमीत कमी राहिला.

याच सुमारास ब्रिटनमध्ये १९६९ मध्ये मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि १९७१ पासून तेथे अध्यापन सुरू झाले. पूर्वपात्रतेची अट नाही, विषयतज्ज्ञांच्या गटाने खास तयार केलेले अध्ययन साहित्य, नभोवाणी व दूरचित्रवाणीची जोड आणि गावोगावी मार्गदर्शनाची सोय, ही त्याची वैशिष्ट्ये होती. भारतातही १९७४ मध्ये जी. पार्थसारथी यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने मुक्त विद्यापीठाची शिफारस केली. ती शिफारस राष्ट्रीय पातळीवर प्रत्यक्षात येण्यास मात्र अकरा वर्षे लागली, आणि तत्पूर्वी पहिले पाऊल एका राज्याने टाकले.

पंचायत राज्याचा अभ्यासक

राम रेड्डी यांचा जन्म १९२९ मध्ये तत्कालीन हैदराबाद संस्थानातील, आज तेलंगणात असलेल्या करीमनगर जिल्ह्यातील एका खेड्यात झाला. राज्यशास्त्र व लोकप्रशासन हे त्यांचे अध्यापनाचे विषय आणि पंचायत राज्य हे त्यांच्या संशोधनाचे क्षेत्र होते. १९५९ मध्ये राजस्थानपाठोपाठ आंध्र प्रदेशाने पंचायत राज्य स्वीकारले, त्यामुळे हा प्रयोग त्यांना जवळून पाहता आला. निरनिराळ्या राज्यांतील पंचायत व्यवस्थांची तुलना करणारा, त्यांनी संपादित केलेला ग्रंथ १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला.

हा तपशील मी मुद्दाम सांगतो आहे. पंचायत राज्याच्या अभ्यासकाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते : कायद्याने संस्था निर्माण करता येते, पण कामे, कर्मचारी आणि पैसा यांची सांगड घातल्याशिवाय ती चालत नाही. अधिकार खाली दिल्याचे जाहीर करायचे आणि निर्णय मात्र वरच ठेवायचे, असे झाले की ग्रामपंचायत ही केवळ पाटी उरते. मुक्त विद्यापीठाचे अभ्यासकेंद्र आणि ग्रामपंचायत यांत बरेच साम्य आहे. दोन्ही ठिकाणी सामान्य माणसाचा संस्थेशी प्रत्यक्ष संबंध येतो आणि संस्थेची खरी परीक्षाही तेथेच होते. राम रेड्डी यांनी उभ्या केलेल्या विद्यापीठांत मुख्यालय, विभागीय केंद्र आणि अभ्यासकेंद्र अशी उतरंड दिसते, तिच्याकडे पाहताना त्यांचा हा पूर्वाभ्यास लक्षात ठेवावा, असे मला वाटते.

१९७७ मध्ये ते उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९८२ पर्यंत त्या पदावर होते. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाने प्रारंभी उर्दूसारख्या भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा धाडसी प्रयोग केला होता. १९७७ मध्येच तेथे पत्रद्वारा शिक्षणाची संस्था सुरू झाली. आज ती संस्था राम रेड्डी यांच्याच नावाने ओळखली जाते. पारंपरिक विद्यापीठाची सत्रे, परीक्षा, संलग्न महाविद्यालये आणि आंदोलने यांचा अनुभव असलेला हा कुलगुरू १९८२ मध्ये एका अगदी नव्या संस्थेकडे वळला.

हैदराबादचा प्रयोग

२६ ऑगस्ट १९८२ रोजी हैदराबाद येथे आंध्र प्रदेश मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. देशातील हे पहिले मुक्त विद्यापीठ. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जन्मशताब्दीच्या काळात, १९९१ मध्ये, त्याला त्यांचे नाव देण्यात आले.

या विद्यापीठाने तीन गोष्टी केल्या. औपचारिक शालेय प्रमाणपत्र नसलेल्या प्रौढ व्यक्तीला प्रवेश परीक्षेच्या आधारे पदवी अभ्यासक्रमाचे दार उघडले. तेलुगू भाषेतून स्वयंअध्ययन साहित्य तयार केले. आणि नव्या इमारती बांधत न बसता, अस्तित्वात असलेल्या महाविद्यालयांतच अभ्यासकेंद्रे उघडली. तिसऱ्या गोष्टीचे मोल पुष्कळदा ध्यानात येत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी महाविद्यालयाची इमारत, प्रयोगशाळा आणि ग्रंथालय रविवारी व सुट्टीच्या दिवशी बंद असते. नेमका तोच दिवस काम करणाऱ्या विद्यार्थ्याला मोकळा असतो. एका संस्थेचा रिकामा वेळ दुसऱ्या संस्थेच्या विद्यार्थ्याला देणे, ही साधी पण दूरगामी योजना होती.

राष्ट्रीय विद्यापीठाची दुहेरी जबाबदारी

१९८५ मध्ये संसदेने इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा कायदा संमत केला. त्याच वर्षी २० सप्टेंबर रोजी विद्यापीठ स्थापन झाले आणि राम रेड्डी त्याचे पहिले कुलगुरू झाले. या कायद्याने विद्यापीठावर दोन कामे सोपविली. स्वतः शिकविणे हे एक काम; आणि देशभरातील मुक्त व दूरशिक्षणाला चालना देणे, त्यात समन्वय राखणे व दर्जा ठरविणे हे दुसरे काम. दुसऱ्या कामासाठी पुढे १९९१ मध्ये दूरशिक्षण परिषद स्थापन झाली.

विद्यापीठ स्थापन झाले, पण अध्यापन सुरू झाले ते १९८७ मध्ये. एवढ्या प्रतीक्षेनंतरही अभ्यासक्रम होते फक्त दोन : व्यवस्थापनातील पदविका आणि दूरशिक्षणातील पदविका. विद्यार्थी होते ४,५२८. लोकसंख्येच्या मानाने ही संख्या अगदी किरकोळ. तथापि हा क्रम विचारपूर्वक ठरविलेला दिसतो. व्यवस्थापनाच्या पदविकेमुळे नोकरी करीत असलेल्या प्रौढांना व्यावसायिक शिक्षण मिळाले आणि मुक्त विद्यापीठ म्हणजे नापासांचे विद्यापीठ, हा समज मोडण्यास मदत झाली. दूरशिक्षणाच्या पदविकेमुळे ही पद्धती चालविणारी माणसे तयार होऊ लागली. वर्गात उत्तम शिकविणारा प्राध्यापक स्वयंअध्ययनाचा घटक उत्तम लिहीलच, असे नाही. घटकाची उद्दिष्टे सांगणे, मधूनमधून विद्यार्थ्याला स्वतःची प्रगती तपासायला लावणे, शंका आधीच ओळखून तिचे निरसन करणे, हे निराळे कौशल्य आहे आणि ते शिकावे लागते. राष्ट्रीय विद्यापीठाने प्रारंभीच शिक्षकांच्या शिक्षणाची सोय केली, यात मला प्रशासकाची दूरदृष्टी दिसते.

एका पुस्तिकेचा प्रवास

मित्रहो, आता आपल्या रोजच्या कामाकडे वळू या. पारंपरिक महाविद्यालयात प्राध्यापक आजारी पडले तर एक तास बुडतो. मुक्त विद्यापीठात एक लेखक वेळेवर घटक देत नाही, तेव्हा काय होते ते पाहा.

पुस्तिका एका गटाने लिहावयाची असते. विषयतज्ज्ञ मसुदा लिहितात, दुसरे तज्ज्ञ तो तपासतात, भाषा संपादक तो सोपा करतात, स्वयंअध्ययनाच्या मांडणीत तो बसविला जातो, मग भाषांतर, मुद्रण, साठवण आणि वितरण. एकीकडे प्रवेश विभाग विद्यार्थ्याचे नाव, पत्ता आणि निवडलेले विषय नोंदवितो; दुसरीकडे वितरण विभाग त्या नोंदीवरून पुस्तकांचा संच पाठवितो. नोंदीत विषयाचा संकेतांक चुकला तर नको असलेले पुस्तक घरी येते. संच मिळाल्यावर विद्यार्थी स्वाध्याय लिहितो. समुपदेशक तो तपासून अभिप्रायासह परत करतो. गुण विभागीय केंद्रामार्फत मूल्यमापन विभागाकडे जातात. सत्रान्त परीक्षेच्या गुणांत ते मिळविले जातात आणि निकाल लागतो. ही साखळी एकाच ठिकाणी तुटली, तरी विद्यार्थ्याच्या दृष्टीने संपूर्ण विद्यापीठच बंद पडलेले असते.

या पद्धतीत एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याचे सुमारे तीस तासांचे अध्ययन मानले जाते. सहा श्रेयांकांच्या एका विषयासाठी एकशे ऐंशी तास झाले. दिवसभर काम करणारी व्यक्ती रोज दीड तास काढू शकली, तर तिला त्यासाठी चार महिने लागतात. पुस्तके दोन महिने उशिरा आली, तर तिचे गणित कोलमडते. ती पुढच्या सत्राची वाट पाहते, पुन्हा शुल्क भरते किंवा शिक्षण सोडून देते. आपल्या नोंदींत तिची गणना गळतीत होते आणि गळतीची कारणे शोधताना आपण विद्यार्थ्याची पार्श्वभूमी, आर्थिक अडचण, अभ्यासाची सवय यांची चर्चा करतो. पुस्तकांचा संच कोणत्या तारखेस रवाना झाला, ही नोंद क्वचितच त्या चर्चेत येते.

स्वाध्यायाची गोष्टही अशीच. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठात ज्यांना समुपदेशक म्हणतात, त्यांना नाशिकच्या मुक्त विद्यापीठात संमंत्रक म्हणतात. नाव कोणतेही असो, स्वाध्यायावरील त्यांचा अभिप्राय हाच दूरस्थ विद्यार्थ्याशी होणारा शिक्षकाचा खरा संवाद असतो. समासात नुसते गुण लिहिले आणि ‘बरे आहे’ असा शेरा दिला, तर तो संवाद संपला. उत्तरात काय राहून गेले, कोणता परिच्छेद पुन्हा वाचावा, हे दोन ओळींत लिहिले तर विद्यार्थी टिकतो. परंतु समुपदेशकाचे मानधन सहा-सहा महिने थकविणाऱ्या संस्थेने त्याच्याकडून अशा दोन ओळींची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी?

नाशिकचा दुवा आणि आयोगाचे कार्य

राम रेड्डी १९८९ पर्यंत राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात होते. त्याच वर्षी १ जुलै रोजी नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. प्रा. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आणि पुणे विद्यापीठाचे माजी कुलगुरू असलेल्या ताकवले यांनी मराठीतून, शेतकऱ्यांसाठीही अभ्यासक्रम सुरू करून निरंतर शिक्षणाला पदवीच्या पलीकडे नेले. पुढे १९९५ मध्ये तेही दिल्लीत राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पारंपरिक विद्यापीठ, राज्याचे मुक्त विद्यापीठ आणि राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ असा या दोघांचाही प्रवास. राज्याच्या भाषेत व राज्याच्या गरजेतून घेतलेला अनुभव राष्ट्रीय संस्थेला मिळाला, ही या प्रवासाची फलश्रुती होय.

कॉमनवेल्थ ऑफ लर्निंग या राष्ट्रकुल देशांच्या व्हँकुव्हर येथील संस्थेत काही काळ काम केल्यानंतर राम रेड्डी १९९१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. मुक्त शिक्षणातून आलेल्या व्यक्तीच्या हाती सर्व विद्यापीठांचा कारभार आला, या घटनेला प्रतीकात्मक महत्त्व होते. त्यांच्या कारकिर्दीत, १९९४ मध्ये, आयोगाने राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद स्थापन केली. संस्थांनी आपल्या कामाचा हिशेब द्यावा आणि समव्यावसायिकांनी तो तपासावा, ही कल्पना त्यामुळे आपल्या उच्च शिक्षणात रुजू लागली. १९९५ मध्ये राम रेड्डी यांचे निधन झाले.

विस्तार झाला, विश्वास जपला का?

त्यानंतरच्या तीन दशकांत मुक्त व दूरशिक्षणाचा मोठा विस्तार झाला. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२०-२१ मध्ये दूरशिक्षणात सुमारे ४५.७ लाख विद्यार्थी होते आणि त्यांत सुमारे २०.९ लाख महिला होत्या. घर, शेती आणि नोकरी सांभाळून शिकणाऱ्या या महिलांची संख्याच मुक्त शिक्षणाचे समर्थन करण्यास पुरेशी आहे.

पण या विस्तारात एक कटू अध्यायही आहे. काही अभिमत विद्यापीठांनी आवश्यक मान्यता न घेता दूरशिक्षणाने अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याविरुद्ध निर्णय दिला. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या व त्यांना पुन्हा परीक्षेला बसण्याची संधी देण्यात आली. त्यानंतरच्या प्रवेशांच्या पदव्या रद्द ठरल्या. न्यायालयाचा निर्णय दर्जाच्या दृष्टीने आवश्यक होता. तथापि ज्याने रात्री जागून अभ्यास केला, शुल्क भरले आणि पदवीच्या आधारे नोकरीत बढती मिळविली, त्याला दहा-पंधरा वर्षांनी या अनास्थेची किंमत मोजावी लागली. मान्यतेचे कागद तपासण्याचे काम प्रशासनाचे होते. त्यात कसूर झाली आणि शिक्षा विद्यार्थ्याला भोगावी लागली.

दूरशिक्षण परिषद २०१३ मध्ये विसर्जित झाली आणि नियमनाचे काम विद्यापीठ अनुदान आयोगाकडे आले. आयोगाने २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये नियमावली केली. २०१७ मध्ये ‘स्वयम्’ हा ऑनलाइन अभ्यासक्रमांचा मंच आणि २०२१ मध्ये श्रेयांकांची शैक्षणिक बँक आली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३५ पर्यंत उच्च शिक्षणातील एकूण नोंदणी प्रमाण पन्नास टक्क्यांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. केवळ नव्या महाविद्यालयांच्या बळावर ते गाठता येणार नाही. मुक्त शिक्षणाला त्यात मोठा वाटा उचलावा लागेल.

आपण काय करावे?

या पार्श्वभूमीवर चार सूचना आपल्या विचारार्थ मांडतो. पहिली : प्रत्येक विद्यापीठाने प्रवेश, साहित्य वितरण, स्वाध्याय तपासणी आणि निकाल यांचे वार्षिक वेळापत्रक जाहीर करावे व वर्षाअखेरीस त्यातील किती पाळले गेले, तेही तितक्याच ठळकपणे प्रसिद्ध करावे. दुसरी : नोंदणीच्या आकड्याबरोबर अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांचा आकडाही अहवालात अनिवार्य असावा. नोंदणीने संस्थेचे उत्पन्न कळते. पूर्णतेने तिचे काम कळते. तिसरी : अभ्यासकेंद्राला किरकोळ खर्चाचे, चुकीच्या नोंदी दुरुस्त करण्याचे आणि स्थानिक तज्ज्ञ नेमण्याचे अधिकार मिळावेत. मोबाइल क्रमांक बदलण्यासाठी विद्यार्थ्याला मुख्यालयाकडे अर्ज करावा लागत असेल, तर विकेंद्रीकरण कागदावरच राहिले असे समजावे. चौथी : ऑनलाइन साहित्याचे स्वागत करावे, पण ज्या भागात आणि ज्या घरात ते सहज पोहोचत नाही, तेथे छापील पुस्तिका बंद करू नये. एका भ्रमणध्वनीवर तिघे शिकत असलेल्या घरात छापील पानाची गरज अजून संपलेली नाही.

या सूचनांसाठी फार मोठा निधी लागत नाही. कुलगुरूंपासून केंद्रातील लिपिकापर्यंत प्रत्येकाने आपल्या टेबलावरील कागद विद्यार्थ्याच्या किती दिवसांचा आहे, हे पाहिले तरी पुष्कळ साधेल. राम रेड्डी यांनी १९८८ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथाच्या शीर्षकात मुक्त विद्यापीठांना ‘खुले केलेले हस्तिदंती मनोरे’ असे म्हटले होते. मनोऱ्याचा दरवाजा उघडण्याचे काम त्या पिढीने केले. आत आलेल्या विद्यार्थ्याला पदवीपर्यंत सोबत करण्याचे काम आपल्याकडे आले आहे. येत्या सत्राची पुस्तके वेळेवर पोहोचली आणि मागील सत्राचे स्वाध्याय अभिप्रायासह परत गेले, तर त्या कामाची सुरुवात झाली, असे मी मानेन.